नागमोडी रेघ

माझ्या जुन्या वहीच्या एका पानावर पेन्सिलीने नागमोडी रेघ काढली आहे आणि तिच्याभोवती गोल. १९९९चा पावसाळा. मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून मी लिनक्स बसवलं होतं, पण इंटरनेट काही लागेना. संगणकात होता विनमोडेम. स्वस्त पडावा म्हणून त्याचं बरंचसं काम विंडोजच्या ड्रायव्हरवर सोपवलेलं असे. लिनक्ससाठी तसा ड्रायव्हर नव्हता, त्यामुळे मोडेम मुकाच. सेवा देणाऱ्या कंपनीला फोन केला. ‘स्टार्ट बटण दाबा,’ असं पलीकडून सांगितलं. तसं बटण इथे नाही म्हटल्यावर, ‘मग आमच्याकडून काही होणार नाही.’ फार लागलं ते. पैसे इतरांइतकेच भरले होते आम्ही.

बाबांनी काटकसर करून बाहेरून जोडायचा मोडेम आणून दिला. हा स्वतःचं काम स्वतः करणारा. मिनिकॉम हा मोडेमशी बोलायचा प्रोग्राम उघडून एटीडीटी ही डायल करायची आज्ञा आणि पुढे नंबर टंकायचा, मग शिट्टी, खरखर, आणि पडद्यावर ‘कनेक्ट’. युजरनेम दिलं, पासवर्ड दिला. त्यानंतर नुसता कचरा: नागमोडी रेघ, महिरपी कंस, उद्गारचिन्हं, पुन्हा नागमोडी रेघ. आणि लाइन तुटायची.

तीन रात्री हेच. मला वाटलं, लाइनमध्ये पाणी शिरलंय. लाइनमन काका भर पावसात खांबावर चढले, जोड बदलून गेले. रात्री पुन्हा तीच रेघ.

शेवटी सीडीवरच्याच माहितीपत्रकात उलगडा झाला. दोन संगणकांनी टेलिफोनच्या तारेवरून एकमेकांशी कसं बोलायचं, याची एक ठरलेली रीत आहे, पीपीपी. तिचं १९९४चं मानक सांगतं की माहितीची प्रत्येक चौकट ७ई या बाइटने सुरू होते आणि त्यानेच संपते. हा बाइट पडद्यावर उमटतो तो नागमोडी रेघ होऊन. म्हणजे कचरा नव्हताच तो. पलीकडचा संगणक तीन रात्री मला हाक मारत होता आणि मी खांबाला दोष देत होतो. त्या रात्री रेघ दिसताच मोडेम न तोडता मिनिकॉममधून बाहेर पडलो आणि तार पीपीपी चालवणाऱ्या पीपीपीडी या प्रोग्रामच्या हाती दिली. लागलं! आई झोपेतून उठून आली इतका ओरडलो.

पुढे डब्ल्यूव्हीडायल हा प्रोग्राम हाती आला आणि हे सगळं आपोआप होऊ लागलं. ब्रॉडबँड आलं, त्यातही पीपीपी होतंच, फक्त इथरनेटवरून. मोबाइल इंटरनेटचा डोंगल आला तो आधी सीडी असल्याचं भासवायचा, म्हणजे विंडोजला त्यातून ड्रायव्हर मिळावा. लिनक्सवर यूएसबी-मोडस्विच या प्रोग्रामने त्याला मोडेम व्हायला लावलं, की खाली पुन्हा एटीडीटी. तार नाही, डायल टोन नाही, तरी नंबर फिरवायचाच: स्टार नव्याण्णव हॅश. ते टंकताना दर वेळी मला बाबांचा मोडेम आठवे.

परवा घरी फायबर आलं. जोडणी करणाऱ्या मुलाला आधीच सांगितलं, माझ्याकडे लिनक्स आहे हं. ‘चालतंय की काका, राउटरपण लिनक्सवरच आहे,’ म्हणाला. त्याने राउटरमध्ये युजरनेम-पासवर्ड भरला आणि नोंदी उघडल्या. त्यात पीपीपीडी सुरू झाल्याची ओळ होती. मी वही काढून आणली. रेघेवर बोट ठेवून त्याने विचारलं, ‘हे काय?’

बाहेर पाऊस होता, त्यालाही घाई नव्हती. मी सांगायला बसलो.