तीन धोट्यांचं देणं

भोपाळला शिकत होते तेव्हा मैत्रिणी मला ‘महाराष्ट्रवाली’ म्हणायच्या. नागपूरला मावशीकडे गेलं की मी ‘एमपीची’ व्हायचे. आमच्या पांढुर्ण्या-सौंसरकडे घरात मराठी, शाळेत हिंदी आणि बाजारात दोन्ही. 1 नोव्हेंबर 1956 ला आमची जुनी राजधानी नागपूर मुंबई राज्यात गेली आणि आम्ही छिंदवाड्यासोबत मध्यप्रदेशात राहिलो. 2023 मध्ये पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला, सौंसर त्यात आलं. पण आपण नेमक्या कुठल्या, हा माझा प्रश्न काही सुटला नाही. तो सोडवला तीन माणसांनी, तोही कपड्यातून.

पहिले सौंसरचे विणकर काकाजी. सौंसर हे हातमागाचं गाव. काकाजींचे सोयरे भंडाऱ्याकडे, मोहाडी-आंधळगावात; तिकडच्या करवत काठी लुगड्याची वीण काकाजींच्या हातात उतरली होती. या लुगड्याचं अंग कोशाच्या रेशमाचं, काठ सुताचा. त्यासाठी मागावर तीन धोटे चालतात: दोन काठांचे दोन, अंगाचा एक. काठाचा धागा अंगाच्या धाग्याला विळखा घालून परत फिरतो, आणि हे दर फेकीला करावं लागतं. काठावर करवतीसारखे दाते उठतात, म्हणून हे नाव. ऐनाच्या झाडांवर ढिवरांनी जोपासलेल्या कोषांचा धागा कोष्ट्यांच्या मागावर येतो, तेव्हा कुठे हे कापड तयार होतं.

मला या कापडाची जाकिटं शिवायची होती. वेळ वाचावा म्हणून मी विचारलं, काठ वेगळा विणून नंतर जोडला तर? काकाजींनी हातातला धोटा खाली ठेवला. “पोरी, शिवलेला काठ उसवते. अंगाच्या धाग्यात गुतवला त जन्मभर टिकते.” मराठी आणि हिंदी, नागपूर आणि भोपाळ, यांतलं एक निवडायचं नसतं, हे मला त्या दिवशी त्यांच्या मागाशेजारी बसून पटलं.

दुसरे पांढुर्ण्याचे शिलाई मास्टर. त्यांची बोली हिंदी, पण नऊवारीवरच्या चोळ्या त्यांनी आयुष्यभर बेतल्या. करवती काठ ताठ असतो, गळ्याच्या गोलाईवर तो फुगतो. मास्टरांनी कापड टेबलावर पसरलं, तळहाताने सारखं केलं आणि म्हणाले, “बेटा, पट्टी सीधी है, कंधा सीधा नहीं. पहले कपड़े की सुनो.” मग काठ त्यांनी समोरच्या बटनपट्टीवर घेतला, एक तुकडा पाठीवर आडवा टाकला, आणि गळ्याला साधं कोशाचं कापड लावलं. काठाचा एक दाताही वाया गेला नाही.

तिसरी तामियाकडची गोंड मैत्रीण. तिच्या आईच्या हातावर गोंदण होतं, माझ्या आजीच्याही. त्या ठिपक्यांची नक्षी तिने उरलेल्या कोशाच्या धाग्याने बाहीवर भरली. पण सगळीच नाही. काही खुणा घरच्या असतात, त्या विकायच्या नसतात, हे तिने आधीच स्पष्ट केलं. कोणतं चिन्ह बाहेर द्यायचं हे ती ठरवते. मी फक्त जागा देते. एकत्र काम करताना कुणाचं काय आहे ते आधी विचारावं, हे मी तिच्याकडून शिकले.

विदिशातून आलेल्या फॅशन डिझायनर वैशाली शडांगुळे 2021 मध्ये आपलं हातमागाचं कापड घेऊन पॅरिसच्या ओत कुत्यूर सप्ताहात पोचल्या, तेव्हा मला फार बळ आलं. मध्यप्रदेशातल्या मराठी नावाला जगात जागा आहे, आणि ती आपल्याच मागाच्या जोरावर मिळते, हे डोळ्यांनी दिसलं.

माझं जाकीट लोकांना आवडतं तेव्हा कौतुक माझं होतं. ते माझ्या एकटीचं नाही. म्हणून लेबलावर विणणाऱ्याचं, शिवणाऱ्याचं आणि नक्षी भरणारीचं नाव माझ्या नावाआधी येतं. सुताचे पैसे काकाजींना आगाऊ पोचतात. मास्टर आणि मैत्रीण यांचा प्रत्येक जाकिटामागे वाटा असतो. लग्नसराईत मागणी वाढते आणि यंत्रमागाचं स्वस्त कापड मिसळा, असा सल्ला मिळतो. तो मी ऐकणार नाही. काकाजींच्या मागावरून जेवढं कापड उतरेल, तेवढीच जाकिटं मी शिवेन.