इगतपुरीचं इरलं

मुंबईहून नाशिककडे जाताना कसारा स्टेशनात गाडी थांबते आणि मागून धक्का द्यायला जादा इंजिनं जोडली जातात. पाहिलंय का तुम्ही? पुढचा थळ घाट आहेच तसा. दर ३७ फुटांना रूळ १ फूट वर चढतात! १८६५ सालापासून आगगाड्या हा घाट चढताहेत. बोगदे संपले, खिडकीतून धुकं आत शिरलं, की समजायचं, इगतपुरी आली.

मी गेलो होतो ऐन आषाढात. भाताची लावणी चाललेली. चिखलाच्या खाचरात दोन भलीमोठी कासवं वाकून काहीतरी करताना दिसली. जवळ जाऊन बघतो तर काय, ती इरली घेतलेली माणसं! बाकी सगळ्यांच्या अंगावर मात्र प्लॅस्टिकचे कागद होते.

इरलं म्हणजे बांबूच्या पातळ कामट्यांच्या दोन जाळ्या, आणि त्यांच्यामध्ये दाबून बसवलेली पळसासारख्या झाडाची रुंद पानं. डोक्यावर घेतलं की पाठीवरून खाली उतरतं. वाकलेल्या माणसाची पाठ कोरडी आणि दोन्ही हात मोकळे. छत्री धरून लावणी करून बघा बरं!

जवळच्या एका पडवीत एक आजोबा फाटकं इरलं दुरुस्त करत बसले होते. मी विचारलं, "मी वाकवू का एक कामटी?"

"वाकवा की!"

पहिली गुडघ्यावर दाबली. कड्‌! दुसरी, कड्‌! आजोबा हसायला लागले. "वाळलेली हाय ती. आधी पाणी पाजा तिला."

तिसरी भिजलेली घेतली, तीही मोडली. कारण मी ती नेमकी गाठीवर वाकवली होती. दोन गाठींमधल्या पेरात बांबूचे धागे सरळ धावतात, गाठीपाशी त्यांचा गुंता होतो. शिवाय मी साल आतल्या अंगाला ठेवली होती. वाकवताना बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दाबली जाते. सालीजवळ धागे सगळ्यात दाट, म्हणून ताण सोसायला साल बाहेर हवी.

पाण्यानं आणि उष्णतेनं होतं काय? लाकडाच्या धाग्यांना धरून ठेवणारा लिग्निन नावाचा एक नैसर्गिक डिंक असतो. तो मऊ पडतो. गार होऊन वाळला की पुन्हा कडक. मिखाएल थोनेट या जर्मन कारागिरानं याच युक्तीवर नाव कमावलं. बीच झाडाचे दांडे वाफेवर मऊ करायचे, बाहेरच्या बाजूला लोखंडी पट्टी लावायची आणि वाकवायचे. १८५९ साली आलेली त्याची १४ नंबरची खुर्ची फक्त ६ लाकडी तुकड्यांची होती!

आणि जोडायचं कसं? खिळा मारला तर बांबू उभा चिरतो. म्हणून आजोबा सालीची ओली, पातळ पट्टी काठाभोवती गुंडाळून टोक आत खोचत होते. वाळली की त्याच वळणात घट्ट बसते.

(गंमत म्हणजे बांबू हे झाडच नव्हे, गवत आहे! आपल्या वनकायद्यात मात्र तो झाडांमध्ये मोजला जाई. २०१७ साली ते बदललं.)

तुम्हीही करून बघा. जुन्या टोपलीच्या दोन सारख्या कामट्या घ्या. एक कोरडी ठेवा, दुसरी रात्रभर भिजवा. मग आईबाबांना सोबत घेऊन दुसरीवर गरम पाणी ओता आणि ती डब्याभोवती हळूहळू वळवून दोऱ्यानं बांधा. घाई केलीत तर कड्‌! दोन दिवसांनी सोडा. थोडी उघडेल, पण सगळी सरळ होणार नाही. कोरडीचं काय होतं, तेही बघा.

निघताना आजोबांच्या नातवाला विचारलं, "तू शिकलास का हे?" तो म्हणाला, "प्लॅस्टिक हलकं पडतं ना." आजोबा खाली बघूनच बोलले, "अन्‌ वारं सुटलं की उडतं."

नातू काही बोलला नाही. पण माझी चौथी कामटी काठावर बसेना, तेव्हा तिचं दुसरं टोक त्यानंच धरलं.