वणव्याचा पंचनामा

2020 च्या जूनमध्ये निसर्ग वादळानं रायगड-रत्नागिरीतल्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या, ते सगळ्या महाराष्ट्रानं पाहिलं. वणव्याचं तसं होत नाही. फेब्रुवारी ते मे तो कोकणातल्या कुठल्या ना कुठल्या डोंगरावर असतोच. आज एकाची दहा कलमं, उद्या दुसऱ्याची काजूची बाग, परवा कुणाचा गोठा नि गवताची उडवी. नुकसान असं तुकड्यातुकड्यांनी होतं, म्हणून ते कुणाला आपत्ती वाटत नाही.

1990 साली रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आली आणि नाचणी-वरीच्या वरकस उतारांवर आंबा-काजू उभा राहिला. मुंबईत नि आखातात कमावलेला पैसा आमच्या लोकांनी या कातळात ओतला. पण कमावणारे तिकडे आणि गावात म्हातारी माणसं. गुरं कमी झाली, गवत कापायला कुणी उरलं नाही. ते सुकून बागेच्या गडग्याला टेकून उभं राहतं. मग राबाची भाजावळ असो, फेकलेली विडी असो, शिकाऱ्यानं लावलेली आग असो की विजेच्या तारेची ठिणगी, दुपारच्या वाऱ्यावर आग बघता बघता डोंगर चढते.

गेली काही वर्षं रमजान याच दिवसांत येतोय. आमच्या गावी मशिदीच्या भोंग्यावरून पुकारा झाला की रोजेदार माणसं हिरवे टहाळे घेऊन धावतात. पलीकडच्या वाडीतली माणसं पाण्याच्या कळश्या घेऊन येतात. एकदा आग विझल्यावर एक चाचा झाडाखाली उभे होते. खोड शाबूत दिसत होतं. मी म्हटलं, "चाचा, झाड वाचलं." ते म्हणाले, "झाड वाचला रे, पण मोहोर बघ. औंदा काय विकायचा?"

हापूसचं कलम चांगलं धरायला आठ-दहा वर्षं जातात. जळालेल्या कलमासोबत ती वर्षंही जातात. फळपीक विमा हवामानावर चालतो. अवेळी पाऊस, तापमान, वारा यांची नोंद केंद्रावर होते, वणव्याची होत नाही. वनखातं जाळरेषा काढतं ते आपल्या हद्दीत, आणि रत्नागिरी-रायगडातले कितीतरी डोंगर खासगी मालकीचे. तलाठी येतो, पंचनामा होतो, कागद तालुक्याला जातो. पुढे बागायतदार हेलपाटे घालत राहतो.

सरकारनं वणवा विम्यात धरावा, ही मागणी रास्तच आहे. पण तोवर डिसेंबरात, गवत पिवळं पडायला लागलं की, बागेभोवती दहा-बारा फुटांचा पट्टा साफ करता येतो. एकट्या म्हाताऱ्याला ते जमणार नाही, गावाला जमेल. परदेशातले भाऊ मशिदीच्या रंगरंगोटीला मोठ्या मनानं पैसे पाठवतात. त्यातली थोडी रक्कम जमातीनं गवत कापणाऱ्यांच्या मजुरीसाठी बाजूला ठेवावी, आणि पट्टा काढताना शेजारच्या वाडीची बागही धरावी. आग गडगा ओलांडताना मालकाचं नाव विचारत नाही.