आश्विन तिथीनेच यावा

लंडनमध्ये आश्विन महिना काढायचा म्हणजे एका घरात दोन पंचांगं सांभाळायची. एक कालनिर्णय, स्वयंपाकघराच्या दाराला लटकवलेलं. दुसरा आम्हा दोघांच्या ड्यूटीचा तक्ता, फ्रिजवर चिकटवलेला. यंदा, २०२५ साली, या दोन्हींचं कुठेच जुळलं नाही. घटस्थापना २२ सप्टेंबरला, सोमवारी. दसरा २ ऑक्टोबरला, गुरुवारी. कोजागिरी पुन्हा सोमवारी आणि लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला, मंगळवारी. म्हणजे मोठा म्हणावा असा एकही सण शनिवार-रविवारी नाही.

मी नांदेडची, सासर लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यातलं. मी इथल्या एका सरकारी रुग्णालयात औषधनिर्माती आहे. नवरा रेल्वेच्या रुळांच्या देखभालीत इंजिनिअर. नेमका हाच महिना दोघांच्याही कामाच्या भराचा. १ ऑक्टोबरपासून वयस्कर लोकांना फ्लूची लस टोचायला सुरुवात होते आणि आमच्या विभागात बसायला फुरसत राहत नाही. त्याच्याकडे पानगळ. इंग्लंडमध्ये ऑक्टोबर ते डिसेंबर झाडांची पानं रुळांवर पडतात, ओली होतात, गाड्यांच्या चाकांखाली चेंगरून रुळांवर त्यांचा काळा गुळगुळीत थर बसतो. मग ब्रेक लागत नाहीत, चाकं घसरतात. तो थर काढायला १५०० बार दाबाने पाण्याचे फवारे मारणाऱ्या खास गाड्या फिरतात, आणि नवऱ्याची मुख्य कामं रात्रीचीच असतात. मी सकाळी निघते तेव्हा तो घरी येतो. घटाला माळ मी घालायची की त्याने, हे रोज दारातच ठरतं.

गावाकडे या महिन्यात काम आणि देव असे वेगळे नसतात. ज्या हातांनी सोयाबीन काढायचं, त्याच हातांनी वावरातली काळी माती आणून घट बसवायचा. त्या मातीत धान पेरायचं, नऊ दिवस पाणी शिंपडायचं आणि दसऱ्याला ते पिवळे-हिरवे कोंब टोपीत, फेट्यात खोवून सीमोल्लंघनाला जायचं. खळ्यावर रास पडली की पहिला नैवेद्य मातीला. आमच्या आत्याबाईंना, म्हणजे सासूबाईंना, उपवास आणि काढणी एकाच वेळी कशी जमते, असं मी लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी विचारलं होतं. त्यांना प्रश्नच कळला नाही.

यंदा तिकडे रास झालीच नाही. सप्टेंबरात मराठवाड्यावर जो पाऊस कोसळला तो तुम्ही बातम्यांत पाहिला असेल. मांजरा, तेरणा पात्र सोडून शेतात शिरल्या, नांदेडला गोदावरी घाटांवर चढली. उभं सोयाबीन पाण्यात कुजलं, शेंगांतल्या दाण्यांना झाडावरच मोड आले. घटस्थापनेला आम्ही व्हिडिओ कॉल लावला तेव्हा मामंजी गुडघाभर चिखलातून मूठभर माती घेऊन येत होते. नवरा म्हणाला, "माय, यंदा घराजवळचीच माती घ्यायची होती." आत्याबाई म्हणाल्या, "रास नाही झाली तर नाही झाली बाबा, घट तर वावरातल्या मातीतच बसला पाहिजे."

त्या दिवशी सोमवार होता. मी अर्ध्या दिवसाची रजा घेतली होती आणि नवरा रात्रपाळी करून झोपला नव्हता. आम्ही बागेतली माती चाळून घट बसवला. ही तांबूस, चिकट माती आहे, काळी नाही. साऊथहॉलच्या दुकानातला गहू मात्र तिच्यात छान उगवला.

साऊथहॉलचं नाव आलं म्हणून सांगते. नांदेडच्या माणसाला लंडनमध्ये एक मान मिळतो, तो इतर कुठल्या मराठी गावाच्या वाट्याला येत नाही. हॅवलॉक रोडवर २००३ साली उघडलेला श्री गुरू सिंग सभेचा मोठा गुरुद्वारा आहे. लंगरमध्ये पोळ्या लाटायला बसले असताना शेजारच्या बाईंनी मला गाव विचारलं. नांदेड म्हटल्यावर त्यांनी लाटणं खाली ठेवलं आणि दोन्ही हात जोडले. "हजूर साहिब!" त्या जन्मात एकदा नांदेडला जाऊन आल्या होत्या. मी त्याच गावात, गुरुद्वाऱ्याच्या हाकेच्या अंतरावर लहानाची मोठी झाले. गुरू गोविंदसिंग १७०८ साली गोदावरीकाठी नांदेडला होते, तिथेच त्यांनी गुरू ग्रंथसाहिबाला गुरुपद दिलं आणि तिथेच देह ठेवला. शिखांच्या पाच तख्तांपैकी एक, हजूर साहिब, आमच्या गावात आहे. दसऱ्याला तिथे हल्लाबोलाची मिरवणूक निघते. दिवाळीत तख्तस्नान असतं तेव्हा गोदावरीचं पाणी घागरींनी आणून दरबार धुतात, गुरूंची शस्त्रं साफ करतात. लहानपणी आम्हाला हे सगळं आपल्याच दिवाळीतलं वाटायचं, आणि ते तसंच होतं. ग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदं आहेत आणि नामदेवांची नर्सी नांदेडहून फार लांब नाही, हिंगोली जिल्ह्यात. मी हे सांगितलं तेव्हा त्या बाई म्हणाल्या, भगत नामदेवजी तर आमचेच. मी म्हटलं, आमचेही.

यंदा अष्टमी ३० सप्टेंबरला आली. माझ्या सासरच्या घरात ही तारीख कुणी उच्चारत नाही. १९९३ साली अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून माणसं झोपली आणि पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीची जमीन हलली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून सुमारे दहा हजार माणसं गेली. दगडमातीच्या जाड भिंती आणि वरची माळवदं झोपेतल्या माणसांवर कोसळली. नवरा तेव्हा शाळकरी पोर होता. आजोळची अर्धी माणसं त्या पहाटे गेली. त्याच वर्षी दोन-अडीच आठवड्यांनी नवरात्र आलं, तेव्हा आत्याबाईंनी पत्र्याच्या शेडमध्ये घट बसवला होता. त्या पहाटेची वेळ लंडनच्या घड्याळात आदल्या रात्रीचे साडेअकरा वाजत आले असताना येते. नवरा तेव्हा बहुतेक कामावर, रुळांवर असतो. तो त्या वेळी मला एक मेसेज पाठवतो, "जागी आहेस का?" मी जागीच असते. यंदा त्याच दिवशी घरात अष्टमीचा होम होता. तो सकाळी आला, आंघोळ करून थेट होमाला बसला. गेलेल्यांच्या नावाने समिधा टाकताना त्याचा आवाज भरून आला. हा होम आम्ही पुढच्या शनिवारी केला असता तर त्या सकाळचं काय केलं असतं?

म्हणून मी हे लिहिते आहे. लंडनमध्ये सण शनिवारी ढकलायची आपल्याला फार सवय लागली आहे. ट्रफल्गार चौकातली दिवाळी यंदा १२ ऑक्टोबरला झाली, लक्ष्मीपूजनाच्या नऊ दिवस आधी. सार्वजनिक कार्यक्रमाला हे करावंच लागतं, त्यात वाईट काही नाही. १९३२ साली सुरू झालेलं आपलं महाराष्ट्र मंडळ डॉलिस हिलला इतकी वर्षं पाय रोवून उभं आहे, तेही सुट्टी असेल तेव्हाच लोकांना बोलावणार. पण घरातला दिवाही आपण तसाच पुढे-मागे करू लागलो की मुलांच्या लेखी सण म्हणजे सोयीने ठरवलेली पार्टी होते. माझ्या मैत्रिणीच्या मुलीने तिला विचारलं, "आई, या वर्षी दसरा कोणत्या शनिवारी आहे?" मला ते ऐकून वाईट वाटलं, आणि अजून वाटतं.

तिथी धरून ठेवली की तिच्यासोबत माणसंही येतात. आपण माळ घालतो त्याच दिवशी सासरी माळ पडते, माहेरच्या घाटावर दिवे लागतात. फोनवर बोलायला दोघांकडे एकच विषय असतो. सोयाबीन गेलं हे मामंजींनी बँकेच्या हिशेबाच्या वेळी सांगितलं नाही, घटाच्या मातीबद्दल बोलताना सांगितलं.

आणि विश्रांतीही तिथीतच ठेवलेली आहे, हे आपण विसरतो. तुळजापूरची भवानी दसऱ्याला पहाटे साड्यांत गुंडाळून पालखीतून सीमोल्लंघनाला निघते, आणि परतल्यावर लगेच सिंहासनावर बसत नाही. कोजागिरी पौर्णिमेपर्यंत ती पलंगावर निजते. तिला श्रमनिद्रा म्हणतात. नऊ दिवस लढलेल्या देवीला आपल्या आडवळणाच्या, दुष्काळी मुलखाने पाच दिवस झोपू दिलं, तिच्या दमण्याचाही सण केला. आम्ही यंदा पहिल्यांदा ते पाळलं. दसरा ते कोजागिरी कुणाकडे जेवायला गेलो नाही, कुणाला बोलावलं नाही, जादा पाळी घेतली नाही. दोघं मिळून जेवलो, तेही सलग काही दिवस. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी ऑक्टोबरात हे घडल्याचं मला आठवत नाही.

ज्यांच्या घरात दोघंही नोकरीवर आहेत, त्यांना माझं एवढंच सांगणं आहे. सगळे दिवस जमणार नाहीत, आम्हालाही जमले नाहीत. भाऊबीज मी ओवाळणीविनाच काढली, भाऊ नांदेडला आणि मी ड्यूटीवर. पण एक घट, एक दिवा तिथीला लावा, मग शनिवारी खुशाल मंडळात जा. वरिष्ठांना सांगायला संकोच करू नका. माझ्या विभागात ईदची आणि नाताळची सुट्टी माणसं हक्काने मागतात, दसऱ्याची मात्र आपणच मागत नाही.

पुढच्या वर्षी अधिक मास असल्याने सगळं उशिरा आहे. घटस्थापना ११ ऑक्टोबर २०२६, रविवार. लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबर, तोही रविवार. दसरा मात्र मंगळवारी, २० ऑक्टोबरला आहे. त्या दिवसाची रजा आजच टाका.