स्प्रेवाली होऊ नकोस

पुणे, रविवार रात्र

प्रिय भाचीबाई,

तुझ्या आईचा फोन आला होता. ‘एवढी फिजिओथेरपी शिकली आणि आता कबड्डीच्या पोरींचे पाय चोळत गावोगाव हिंडणार म्हणते!’ मला हसू आलं. तुझी आजी मला हेच म्हणाली होती. तेव्हा पोरींऐवजी पोरांचा संघ होता, म्हणून तिचा आवाज जरा जास्त चढला होता एवढंच.

अमेरिकेत या कामाचा ‘ॲथलेटिक ट्रेनर’ म्हणून स्वतंत्र पेशा आहे. आपल्याकडे जिल्ह्याच्या संघात फिजिओ, ट्रेनर, मालिशवाली आणि पाण्याच्या बाटल्या भरणारी, सगळं तूच. बाटल्या भरायला लाजू नकोस, पोरी तिथेच मोकळ्या बोलतात. फक्त स्प्रेवाली होऊ नकोस.

चढाईत कुणी पडली की तू बॅग घेऊन धावशील, फुस्स करून स्प्रे मारशील, पोरगी उठेल आणि प्रेक्षक टाळ्या वाजवतील. त्या टाळ्यांची चटक लागते. स्प्रेमधला द्रव झटकन उडून जातो आणि जाताना कातडी गार करतो. काही मिनिटं दुखणं जाणवत नाही, बस्स. आत स्नायू फाटलाय की अस्थिबंध तुटलाय, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. म्हणून आधी हात लावून तपास, मग डबा काढ.

कबड्डीत सगळ्यात जास्त भीती गुडघ्याची. मॅटवर बुटाची पकड घट्ट बसते. चढाईवर गेलेली पोरगी गर्रकन वळते तेव्हा पाऊल जागीच राहतं, मांडी फिरते आणि गुडघ्यातला मधला अस्थिबंध, एसीएल, तुटतो. पुष्कळदा तिला कुणी शिवलेलंही नसतं. ‘आत काहीतरी पट्कन तुटलं’ असं ती स्वतःच सांगते. एवढं ऐकलंस की सूज यायची वाट बघू नकोस, सामना कितीही चुरशीचा असो, तिला बाहेर बसव. एसीएल शाबूत आहे का ते हाताने तपासायची लॅकमन टेस्टही तेव्हाच कर. गुडघा फुगला आणि मांडी आखडली की हाताला नीट काही लागत नाही. आणि तेल घेऊन चोळायला धावणाऱ्या सगळ्या मावश्यांना लांब ठेव, त्यात मी असले तरी. हळदीचा लेप घालू देत, चोळणं नको.

पण तुटल्यानंतरच्या हुशारीने गुडघा वाचत नाही. फिफाच्या डॉक्टरांनी फुटबॉलसाठी 20 मिनिटांचा ‘इलेव्हन प्लस’ हा वॉर्म-अप बसवला. नॉर्वेत 13 ते 17 वयाच्या 1800 हून अधिक मुलींमध्ये तो पारखला गेला आणि 2008 साली निकाल छापून आला: दुखापती साधारण एक तृतीयांशाने कमी, गंभीर दुखापती जवळजवळ निम्म्यावर. यंत्रं काही लागत नाहीत. धावणं, एका पायावर तोल, उडी मारून गुडघा आत न झुकवता उतरणं, जोडीदारणीने घोटे दाबून धरल्यावर गुडघ्यांवर उभं राहून सावकाश पुढे झुकणं. कबड्डीसाठी त्यात पकडीतून सुटून तोल सावरणं तू घाल. प्रशिक्षक म्हणतील, ‘तेवढ्या वेळात दहा चढाया होतील.’ होतील. तरी रोज सांग. (भांडण्यापेक्षा चहा पाजून सांगितलेलं जास्त लागू पडतं, हा माझा अनुभव.)

एक काम मला पुरुषांच्या संघात कधी पडलं नाही, ते तुला पडेल. चार महिने पाळी आली नाही हे पोरी आधी तुलाच सांगतील. वर ‘बरंच आहे, कटकट गेली’ असंही म्हणतील. वजन बसवायला रात्रीची भाकरी सोडणारी एखादी त्यांच्यात असतेच. खर्चाइतकं अन्न पोटात गेलं नाही की पाळी थांबते आणि हाडंही कमकुवत होतात. अशा पोरीच्या नडगीवर एकाच जागी बोट दाबल्यावर कळ आली, तर तिला टेप बांधून खेळवू नकोस, डॉक्टरांकडे ने.

तालुक्याच्या गावी सलाईनवरही लक्ष ठेव. पोरगी दमलेली दिसली की कुणीतरी म्हणतंच, ‘एक बाटली लावून टाका.’ ‘वाडा’ या जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या नियमाप्रमाणे रुग्णालयातले उपचार, शस्त्रक्रिया किंवा तपासण्या सोडल्या तर 12 तासांत 100 मिलिलिटरपेक्षा जास्त शिरेतून घ्यायला बंदी आहे, आणि नेहमीची बाटली 500 ची असते. ‘मला ठाऊक नव्हतं’ म्हणून खेळाडू सुटत नाही.

एसीएलची शस्त्रक्रिया झालेली एखादी पोरगी संघात भेटेलच. सहाव्या महिन्यात ती सरळ धावते, दुखत काही नाही आणि निवड चाचणी तोंडावर आलेली असते. सगळे तुझ्याकडे बघतात. नऊ महिन्यांच्या आत परतणाऱ्यांना पुन्हा दुखापत होण्याचा धोका खूप मोठा असतो. तोंडाने वाद घालू नकोस. एकेका पायावर लांब उडी मारायला लाव आणि दोन्ही पायांची मापं प्रशिक्षकांसमोर जमिनीवर खडूने मांड. फरक दहा टक्क्यांहून जास्त असेल तर त्यांनाच दिसेल. आणि उड्या सारख्या आल्या, तरी नऊ महिने म्हणजे नऊ महिने.

तुझा पगार संघटना देणार. संघटनेतली माणसं वाईट नसतात, पण सामना हरला की त्यांनाही वर उत्तर द्यावं लागतं, आणि त्या घाईत पोरीचा गुडघा कुणाला आठवत नाही. म्हणून हे तोंडी ठेवू नकोस. सही करण्याआधी करारात एवढं लिहून घे: जखमी खेळाडू उतरेल की नाही, हा निर्णय फिजिओचा. तयार नसले तर ही नोकरी घेऊ नकोस, दुसरी मिळेल. तुझ्या आईला मी समजावते.

तुझी
मावशी