यात्रेत मागे कोणी राहू नये

महाराष्ट्रात मलकापूर नावाची गावे एकाहून अधिक आहेत. बुलढाणा जिल्ह्यातील मलकापूर व्यापारी मंडळींच्या विशेष परिचयाचे. सातारा जिल्ह्यातील मलकापूर मात्र कराड शहराला लागून, आगाशिव डोंगराच्या पायथ्याशी वसलेले आहे. पुणे-बंगळूर महामार्ग या गावातूनच जातो, त्यामुळे प्रवासाला निघणे येथील कुटुंबांना कठीण नाही. तरीही कोठेही यात्रेची बस भरते, तेव्हा एखादी आई आणि तिचे मूल घरीच राहते. मूल स्वमग्न असते. ‘तेथे गोंधळ करील, लोक काय म्हणतील,’ एवढ्या वाक्याने दोघांचीही जागा रद्द होते.

स्वमग्नता, म्हणजेच ऑटिझम, ही संस्कारांची उणीव नव्हे. ती मेंदूच्या जडणघडणीतील भिन्नता आहे. डॉ. लिओ कॅनर यांनी १९४३ साली तिचे सविस्तर वर्णन केले, त्यात सर्व काही नेहमीसारखेच असावे, हा या मुलांचा आग्रह नोंदविला. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमातही तिचा समावेश आहे. अशा अनेक मुलांना अनपेक्षित बदल, मोठा आवाज, उग्र वास किंवा गर्दीचा स्पर्श सोसत नाही. ज्याला आपण हट्ट म्हणतो, तो पुष्कळदा असह्य झालेला ताण असतो. म्हणून यात्रेच्या तयारीत सामानाइतकेच महत्त्व पूर्वकल्पनेला द्यावे.

आरंभ जवळून करावा. कराडच्या प्रीतिसंगमावर कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन मिळतात आणि पूर्वेकडे वळतात. यशवंतराव चव्हाण यांची समाधी येथेच आहे. २५ नोव्हेंबर या त्यांच्या स्मृतिदिनी गर्दी असते, तो दिवस टाळावा. एरवी सकाळी अर्धा तास जावे आणि मूल थकण्यापूर्वी परतावे. पाण्याची ओढ असलेली मुले क्षणात काठाकडे धावतात, म्हणून एका मोठ्या माणसाने केवळ हात धरण्याचेच काम करावे. मुलाच्या खिशात नाव व दूरध्वनी क्रमांकाची चिठ्ठी असावी. असे दोन-चार वेळा झाले की पुढचे अंतर गाठता येते.

हे पुढचे ठिकाण कुंभोजगिरी असू शकते. किणीचा टोल नाका ओलांडून वाठार, पेठ वडगावमार्गे तेथे जाता येते. येथील बाहुबलींची २८ फुटी मूर्ती १९६३ साली प्रतिष्ठापित झाली. निघण्यापूर्वी काही दिवस घर, गाडी, टोल नाका, मूर्ती, जेवण आणि पुन्हा घर अशी चित्रे क्रमाने दाखवावीत. प्रवासात झालेले चित्र उलटे ठेवावे. उत्सवाचा दिवस टाळावा. मंदिरात एकाने पुढे जाऊन, थोडा वेळ घंटा न वाजविण्याची विनंती भाविकांना करावी. भोजनशाळेतील नवा पदार्थ मूल खाईलच असे नाही, म्हणून नेहमीचा डबा सोबत असावा. सूर्यास्तापूर्वी जेवण्याची आपली शिस्त येथे उपयोगी पडते, कारण ठरलेली वेळ अशा मुलाला आधार देते. एकाने मुलासह सावलीत बसावे, दुसऱ्याने दर्शन घ्यावे आणि मग पाळी बदलावी. आईलाही शांतपणे हात जोडता येतील.

मात्र सारा भार त्या कुटुंबावर टाकणे न्याय्य नाही. मूल ओरडले तर सहप्रवाशांनी टक लावून पाहू नये, उपदेश करू नये. ‘वहिनी, काय करू?’ एवढे विचारावे आणि त्या सांगतील तेवढेच करावे. आपल्याकडे मुंगीलाही पाय लागू नये म्हणून जपून चालतात. तेवढेच जपून या आईशी बोलावे. संघाच्या आयोजकांनी नावे नोंदवितानाच विचारावे, खिडकीजवळची जागा द्यावी आणि मध्येच परतण्याची सोय ठेवावी.

एखाद्या वेळी अर्ध्या वाटेवरून परतावे लागेल. ती यात्रा वाया गेली असे समजू नये. पुढील बसच्या यादीत त्या दोघांची नावे पुन्हा लिहावीत.