नागपूरचा मे आणि आफ्रिकेतला अजगर

पुणे

चि. ईशान,


बॉल पायथन पाळायचाय म्हणून तुझा मेसेज आला आणि पाठोपाठ तुझ्या आईचा फोन. तिचा प्रश्न एकच, चावला तर? तूही फिरून फिरून तेच विचारलंयस, म्हणून ते आधी निकालात काढते. बॉल पायथन बिनविषारी. सहसा पाच फुटांपुढे जात नाही. घाबरला की चावायचं सोडून अंगाची गुंडाळी करतो आणि डोकं मधे दडवतो. रीलमध्ये कुणाच्या तळहातावर तो गोंडस चेंडू दिसतो ना, तो भ्यालेला साप असतो. क्वचित चावलाच तर जखम साबणाने स्वच्छ धुवायची आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलंय ना ते बघायचं.

मला धास्ती आहे ती तुझ्या फ्लॅटची. वरचा मजला, डोक्यावर गच्चीचा स्लॅब, आणि गाव नागपूर.

सापाला अंगची ऊब नसते हे तू शाळेत शिकलायस. त्याचा घरातला अर्थ असा, की त्याची निम्मी पचनसंस्था शरीराबाहेर असते आणि ती तुझ्या ताब्यात असते. पेटीच्या एका टोकाला 31-32 अंश, दुसऱ्या टोकाला 25-26. खाल्लं की तो उबेला जातो, नको झालं की सरकतो. उंदीर गिळल्यावर डिसेंबरच्या रात्री तुझ्या खोलीचा पारा उतरला आणि हीटर बंद पडला, तर तो उंदीर पोटात पचण्याऐवजी सडायला लागतो आणि साप तो ओकून टाकतो. मे महिन्यात उलटं. बाहेर 45, दुपारी लाइट गेली, तू ऑफिसात. घाना, टोगो, बेनिनमध्ये हा प्राणी अशा वेळी जमिनीखालच्या बिळात, वाळवीच्या वारुळात जाऊन पडतो. तुझ्याकडे काचेच्या पेटीत तो कुठे जाणार?

थर्मोस्टॅटचे पैसे वाचवणारे तर मला दवाखान्यात नेहमी भेटतात. हीटिंग मॅट थेट प्लगला लावतात. गंमत म्हणजे (गंमत कसली म्हणा) मॅट भाजण्याइतकी तापली तरी साप पुष्कळदा तिथून हलत नाही, पडूनच राहतो. माझ्या टेबलावर येतो तेव्हा पोटाचे खवले तपकिरी होऊन सुटायला लागलेले असतात.

एक गोष्ट मात्र बघण्यासारखी असते, तीही सांगते, नाहीतर आत्या नुसती भीती घालते म्हणशील. कात टाकायच्या आधी डोळे दुधाळ निळसर होतात. त्या दिवसांत त्याला नीट दिसत नाही, तेव्हा हात लावायचा नाही. मग डोळे पुन्हा निवळतात, आणि त्यानंतर काही दिवसांनी तो ओठाची कड कशाला तरी घासून तिथून कात सोडवतो. सापाला पापण्या नसतात, डोळ्यावर एक पारदर्शक खवला असतो, तोही कातीबरोबर निघतो. म्हणून निघालेली कात टाकून द्यायची नाही. डोक्याकडचा भाग उजेडात धरायचा आणि दोन्ही डोळ्यांच्या टोप्या निघाल्यात का ते बघायचं. खोलीतली हवा कोरडी असेल तर कात तुकड्यातुकड्यांनी निघते, टोपी डोळ्यावरच राहते, आणि मालक चिमटा घेऊन बसतो. तू चिमटा घेऊ नकोस. सापाला दमट डब्यात ठेव आणि डॉक्टरला फोन कर.

आता त्या दुकानदाराचं. ‘नवशिक्यांसाठी इग्वाना बरा, शाकाहारी आहे’ असं त्याने सांगितलं म्हणतोस. अरे, वीतभर हिरवं पिल्लू पाचेक फूट लांब होतं, त्याला कपाटाएवढा नाही, खोलीएवढा पिंजरा लागतो. हाडांत कॅल्शियम मुरायला त्याला यूव्हीबी किरण लागतात आणि ते खिडकीच्या काचेतून येत नाहीत. लोक काचेआडच्या कोवळ्या उन्हात ठेवून निर्धास्त असतात. खास दिवा आणला तरी तो दिसायला जळत राहतो, किरण मात्र काही महिन्यांत ओसरतात. मग असे इग्वाना येतात, मागच्या मांड्या टरटरून फुगलेल्या. मालक खुशीत, कसं बाळसं धरलंय म्हणून. खालचा जबडा बोटाने हलकेच दाबला की ओल्या पुठ्ठ्यासारखा वाकतो. ती मांडी मांसाची नसते, पोकळ पडलेल्या हाडाभोवती शरीराने रचलेला तो जाड थर असतो. माझं मत विचारशील तर जो प्राणी सगळ्यात स्वस्त आणि ‘सोपा’ म्हणून विकला जातो, त्याचेच हाल सगळ्यात जास्त. रुपयाच्या नाण्याएवढी लाल कानांची कासवं त्यातलीच. ताटलीएवढी झाली की तळ्यात सोडून देतात, आणि ती मूळची अमेरिकेतली जात आपल्या कासवांच्या जागा बळकावते. फ्लोरिडाच्या एव्हरग्लेड्समध्ये पाळीव म्हणून आणलेल्या बर्मी अजगरांनी काय केलं ते वाच. 2012 च्या एका अभ्यासात तिथे रॅकून 99 टक्क्यांनी कमी दिसले होते.

‘स्पायडर’ नावाच्या नक्षीचा बॉल पायथन तर चुकूनही घेऊ नकोस. त्या नक्षीच्या जनुकाबरोबरच मेंदूचा दोष येतो, डोकं डुगडुगतं, भक्ष्यावरचा नेम चुकतो. व्हिडिओखाली लोक लिहितात, नाचतोय बघा!

कायद्याचं म्हणशील तर नाग, धामण, आपला अजगर, मांडूळ, यातलं काहीही घरात ठेवणं गुन्हा आहे. कुणाच्या गॅलरीतला मिठूसुद्धा बेकायदाच, फक्त त्याला कुणी विचारत नाही. परदेशी प्राण्यांचा मामला 2022 च्या दुरुस्तीने बदलला. बॉल पायथन आणि इग्वाना आता वन्यजीव कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत येतात. ताब्यात आला की परिवेश पोर्टलवर नोंदणी, पिल्लं झाली, मेला, दुसऱ्याला दिला तरी कळवायचं. ‘कागद नंतर देतो’ म्हणणाऱ्याकडून उठून यायचं. मुंबई विमानतळावर बँकॉकच्या प्रवाशांच्या बॅगांतून बिस्किटांच्या पुड्यांत कोंबलेले बॉल पायथन निघालेत. तसा एखादा तुझ्या पेटीत यायला नको.

आणि वय. वीस-तीस वर्षं तर सहज. सेंट लुइसच्या प्राणिसंग्रहालयात एका खासगी मालकाने 1961 मध्ये बॉल पायथनची एक मादी देऊन टाकली होती. तिने 2020 मध्ये अंडी घातली, सात, तीही वर्षानुवर्षं नराशिवाय. तुझं लग्न, बदल्या, परदेशाची नोकरी, सगळं तुझ्या सापासमोर होऊन जाईल आणि त्याला तुझं काही पडलेलं नसेल. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. ज्याला ओळख, लाड, शेपूट हलवणं हवंय त्याने कुत्रा आणावा. ज्याला नुसतं बघायला आवडतं त्याने साप. तू लहानपणी कात्रजच्या सर्पोद्यानात एका काचेपुढून हलायचा नाहीस, म्हणून तर हे पत्र एवढं लांबलं.

तेव्हा असं कर. आधी पेटी, थर्मोस्टॅट, दोन थर्मामीटर आणि इन्व्हर्टर घे. साप नको. रिकामी पेटी मे महिनाभर चालव, सकाळ-संध्याकाळ दोन्ही टोकांचे आकडे वहीत लिही, लाइट गेली तो वेळही लिही. ते आकडे बघून मी हो की नाही ते सांगेन. हो म्हटलं तर विक्रेत्याचे कागद तपासायला मी स्वतः येईन. आईला समजावायचं माझ्याकडे लागलं. फ्रीजरमध्ये गोठवलेले उंदीर ठेवावे लागतील, हे तुझ्या रूममेटला मात्र तूच सांग.

तुझी,
आत्या